पाचवा रकाना

पाऊस कोण पाडतो, या प्रश्नावर आमच्या घरात कधी एकमत झाले नाही. आजीच्या मते तो म्हसवडच्या सिद्धनाथाच्या मर्जीचा भाग होता. आईच्या मते तो माणसांच्या पापपुण्यावर, आणि त्यातही विशेषेकरून आमच्या चुलत्यांच्या पापावर अवलंबून होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, नक्षत्रांच्या पक्षाचे. आणि मी, शाळेत भूगोल शिकू लागल्यापासून, नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा कैवारी. पण या वाऱ्यांची आणि माण तालुक्याची गाठ जेमतेमच पडते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी ओतून ते खाली उतरतात, आणि तेथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरांवर असलेल्या आमच्या गावी येईतो त्यांच्या पदरी पाचशेसुद्धा उरत नाही. ज्याचा पक्ष घ्यावा तोच असा रिकाम्या हाताने दारी आल्यावर माझ्या मताला घरात वजन कोठून असणार?

अण्णांच्या मताला मात्र वजन होते, कारण त्यांच्यापाशी वही होती.

१९७२ च्या दुष्काळात अण्णा नुकतेच प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागले होते. पटावरची निम्मी पोरे आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. हजेरी घ्यायची तर मास्तरांनाच खडीच्या ढिगापर्यंत जावे लागे. त्या वर्षाने त्यांच्या मनावर काय चरे पाडले ते त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. पुढच्या वर्षीच्या मृगाला त्यांनी एक दोनशेपानी वही विकत घेतली, तिच्यात चार रकाने आखले आणि अंगणात पत्र्याचा एक डबा ठेवला, एवढेच आम्हाला ठाऊक. डब्याचे तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे असले पाहिजे, ही एकच अट. पाऊस थांबला की लाकडी फूटपट्टी डब्यात उभी करायची आणि ओल कोठवर आली ते वाचायचे. लहानपणी हे काम माझ्याकडे असे, आणि मी पट्टी तिरपी धरली तर टपली मिळे. पट्टी तिरपी धरली की पाऊस वाढतो. "फुकटचा पाऊस मला नको," अण्णा म्हणत.

चार रकाने असे: तारीख, नक्षत्र, वाहन, पाऊस. ज्यांचे बालपण शहरात गेले त्यांच्यासाठी सांगतो. सूर्य मृगात गेला की मृगाचा पाऊस, आर्द्रात गेला की आर्द्रेचा, अशी हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे पावसाची. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा. शिवाय प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन दिलेले असते. बेडूक निघाला तर पाऊस मुबलक, कोल्हा निघाला तर ओढ. अण्णांचा यावर विश्वास होता. पण ते मास्तरही होते. बेडकावर बसून आलेले नक्षत्र कोरडे गेले की चौथ्या रकान्यात ते न चुकता शून्य मांडीत, आणि ते शून्य असे ठसठशीत असे की हुशार म्हणून समजलेल्या मुलाच्या पाटीवरच त्यांनी ते काढले आहे असे वाटावे. श्रद्धा आणि हिशेब यांचा संसार त्या एका वहीत इतकी वर्षे कसा काय चालला, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

पुढे मी गाव सोडले, एम.ए. झालो, आणि मराठीचा प्राध्यापक होऊन पावसाच्या कविता शिकवू लागलो. ज्या माणसाच्या गावात पाऊस पडत नाही तो पावसाच्या कविता फार मन लावून शिकवितो.

२०१८ च्या पावसाळ्याने दगा दिला. २०१९ च्या उन्हाळ्यात गावची जनावरे छावणीत आणि माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून, अशी अवस्था होती. आणि नेमका त्याच सुमारास मी कॉलेजात 'मेघदूता'चे मराठी अनुवाद शिकवीत होतो! धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा मेळ म्हणजे मेघ, असे कालिदासाने म्हटले आहे. यातले पाणी समजत होते, वाराही समजत होता. धूर आणि तेज कशाला? एका विद्यार्थिनीने हे विचारले, आणि आपल्याला उत्तर येत नसताना प्राध्यापक जे करतात तेच मी केले. 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणालो आणि प्राध्यापकांच्या खोलीत पदार्थविज्ञानाच्या आमच्या प्राध्यापकमहाशयांना गाठले.

"धुराचे तुमच्या कवीने अगदी बरोबर सांगितले आहे," ते म्हणाले. "वाफ आपली आपण थेंब होत नाही. तिला बसायला काहीतरी लागते. धुराचा कण, धुळीचा कण, समुद्रावरून आलेला मिठाचा कण. असे पाट मांडलेले असले की हवेची आर्द्रता शंभर टक्क्यांच्या किंचित वर गेली तरी पंगत बसते. कणच नसतील, तर हवेत मावते त्याच्या कितीतरी पट वाफ कोंबली तरी थेंब धरायचे नाव नाही."

"आणि तेज?"

यावर ते हसले, आणि कपाटातून एक टाचलेले बाड काढून माझ्या हाती ठेवले. "हे वाचा. तुमच्या जातीच्या माणसाला आवडेल."

आवडेल? मी ते रात्री दोन वाजेपर्यंत वाचले. त्यात जे होते ते असे. आकाशातून आपल्यावर अहोरात्र एक अदृश्य पाऊस पडत असतो. त्याला विश्वकिरण म्हणतात. किरण हे नुसते नाव. असतात ते कण, बहुतेक हायड्रोजनच्या अणूचे गाभे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे. हे प्रथम उमगले व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाला. हवेत सदोदित थोडीशी वीज खेळत असते, म्हणजे हवेच्या कणांवर विद्युतभार चढलेला असतो. हे जमिनीतल्या खनिजांमुळे होते अशी समजूत होती. तसे असेल तर वर जावे तसे ते कमी व्हावयास हवे. हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी हायड्रोजनच्या फुग्यात बसून पाच हजार मीटरांच्याही वर गेला आणि पाहतो तो उलटेच: वर जावे तसे ते वाढत होते. तत्पूर्वी एप्रिलमध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी तो असाच वर गेला होता. चंद्राने सूर्य झाकला तरी किरण कमी झाले नाहीत. तेव्हा ते सूर्याचेही नव्हेत. मग कोणाचे? १९३४ साली बाडे आणि झ्विकी यांनी सुचविले की प्रचंड तारे फुटतात तेव्हा हे कण फेकले जात असावेत, आणि २०१३ साली फर्मी या अवकाश-दुर्बिणीने अशा फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत त्याचा सज्जड पुरावा मिळविला. हे मूळचे कण वरच्या हवेवर आदळून फुटतात आणि त्यांच्या ठिकऱ्या खाली येतात. आपण हा अंक हाती धरून वाचीत आहात. या घटकेस आपल्या तळहातातून दर सेकंदाला अशी एखाददुसरी ठिकरी आरपार जात आहे.

आता ढगांची गोष्ट. हेन्रिक स्वेन्समार्क आणि त्याचा सहकारी फ्रीस-क्रिस्टेनसेन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सूर्य साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात कधी भरात असतो, कधी मंद. तो भरात असला की त्याचे चुंबकीय वारे विश्वकिरणांना दूर लोटतात. मंदावला की ते जास्त आत येतात. उपग्रहांनी टिपलेले जगातले ढग या दोघांनी त्या किरणांशेजारी मांडून पाहिले, आणि किरण वाढले की ढग वाढतात, कमी झाले की तीनचार टक्क्यांनी घटतात, असे त्यांना दिसले. किरण हवेत विद्युतभार निर्माण करतात, त्या भाराभोवती सूक्ष्म कण जमतात, त्या कणांवर वाफ बसते आणि ढग होतो, अशी ती साखळी.

वाचकहो, त्या रात्री मला झोप कशी लागावी? धूर झाला, पाणी झाले, वारा झाला आणि आता तेजही सापडले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तारे पाऊस पाडतात! माझे अण्णा बरोबर होते! शिवाय मृगाच्या चौकोनातला तो तांबूस तारा, आपली आर्द्रा, तो स्वतःच आयुष्याच्या अखेरीला आलेला महाकाय तारा असून कधीतरी फुटणार आहे. फुटेल तेव्हा तोही विश्वकिरण उधळील. आणि त्याचे नाव काय ठेवले होते आपल्या पूर्वजांनी? आर्द्रा, म्हणजे ओली. आणखी काय पुरावा हवा?

पुढल्या शनिवारी मी गावी गेलो आणि ओसरीवर बसून हे सारे अण्णांना सांगितले. जरा रंगवूनच सांगितले. ते ऐकत होते. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. पन्नास वर्षे ज्याची बाजू घेऊन घरात एकटे भांडले, त्याच्या बाजूने परदेशातून कोणीतरी साक्षीदार यावा, तसा तो उजळत गेला. मग, थोडे थांबून, त्यांनी विचारले, "आरं, पर किती?"

"किती म्हणजे?"

"म्हंजे ताऱ्यांमुळं किती पाऊस? शंभरात किती?"

मी बाडाची शेवटची पाने वाचलीच नव्हती. "बराच असणार," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी अण्णांचा फोन आला. माझे बोल ओसरीवरून पारावर गेले होते आणि पारावरून देवळात. गावातल्या काही मंडळींच्या मनात पर्जन्ययाग करावयाचा पूर्वीपासून होताच. आता त्यांना आधार मिळाला. 'मास्तरांचा मुलगा प्राध्यापक आहे, तो सांगतो की तारे पाऊस पाडतात. मग ग्रहनक्षत्रांना आवाहन करायला हरकत कोणती?' हरकत एकच होती. यागासाठी जी रक्कम लागणार ती टँकर आणि वैरणीसाठी गोळा केलेल्या वर्गणीतून घ्यावी असे घाटत होते, आणि ती वर्गणी अण्णांच्या ट्रंकेत होती.

"तू बोललास," अण्णा म्हणाले, "तूच येऊन निस्तर. आन् येताना 'किती' त्ये घेऊन ये."

मी बाड काढून प्राध्यापकमहाशयांकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो सर, मी तुम्हाला गोष्टीचा पूर्वार्ध दिला होता. उत्तरार्ध तुम्ही मागितलाच नाहीत."

उत्तरार्धाची सुरुवात पूर्वार्धाच्याही आधी, स्कॉटलंडातल्या बेन नेव्हिस नावाच्या डोंगरावर होते. तेथल्या वेधशाळेत सप्टेंबर १८९४ मध्ये चार्ल्स विल्सन हा तरुण दोनएक आठवडे बदली म्हणून राहिला. खाली ढगांचा समुद्र, वर ऊन, आणि ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवती रंगीत कडी. ते पाहून तो इतका मोहून गेला की खाली आल्यावर केंब्रिजमध्ये त्याने काचेच्या भांड्यात ढग करावयास घेतले. दमट हवा एकदम फुगू दिली की थंड होते आणि तीत धुके धरते. विल्सनने भांड्यातली सारी धूळ काढून टाकली. तरीही, हवा पुरेशी फुगविली की थोडे थेंब दिसतच. कशावर धरत होते ते? १८९६ साली त्याने भांड्यात क्ष-किरण सोडले आणि थेंबांचे दाट धुके झाले. तेव्हा उलगडा झाला की विद्युतभारित कणावरही थेंब बसतो. यातूनच त्याची बाष्पकोठी जन्माला आली. तिच्यातून धावणारा कण अदृश्य, पण त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटे. विमान दिसत नाही पण मागची पांढरी रेघ दिसते, तसे. या कोठीसाठी त्याला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की विश्वकिरणांची शंका हेसच्या आधी याच माणसाला आली होती. १९०१ साली त्याने लिहिले की हवेतली वीज बाहेरून, आकाशापलीकडून येत असेल काय? पडताळा पाहण्यासाठी तो आपले उपकरण घेऊन रात्रीचा रेल्वेच्या बोगद्यात जाऊन बसला. डोंगराखाली किरण अडतील, तर वीज कमी झाली पाहिजे. ती कमी झाली नाही. बोगद्याच्या दगडांतूनच पुरेशी वीज मिळत होती, आणि विल्सनने आपली शंका मागे घेतली. ढग करून दाखविणारा आणि किरणांचा माग जवळजवळ काढणारा माणूस एकच, आणि दोन्ही टोके हातात असून त्याने त्यांची गाठ मारली नाही! मला या माणसाबद्दल फार आपलेपणा वाटतो.

पण आमच्या मुद्द्याचे त्याच्या कोठीतच होते. विद्युतभारावर थेंब धरतो खरा, पण केव्हा? हवेत मावते त्याच्या चौपट वाफ कोंबली तर. खऱ्या ढगात वाफ शंभर टक्क्यांच्या वर जाते ती सहसा एखाद्या टक्क्यानेसुद्धा नाही, कारण तेवढ्यातच धूर आणि मीठ यांच्यावर पंगत बसून जाते. तेव्हा किरणाने सरळ थेंब केला, ही वाट बंद.

राहिली आडवाट. किरणांच्या भारामुळे हवेतल्या गंधकाम्लाचे रेणू एकत्र येऊन चिमुकले कण बनत असतील आणि ते वाढून थेंबाला पाट होत असतील, तर? हे पाहण्यासाठी जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जास्पर कर्कबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून प्रयोग मांडला. पोलादाची तीन मीटर व्यासाची एक टाकी, आत सव्वीस हजार लिटर अत्यंत स्वच्छ हवा. आमच्याकडच्या दोन टँकरांएवढी म्हणा ना. तीत हवे ते वायू तोलून सोडायचे, आणि विश्वकिरणांच्या जागी यंत्रातून कणांचा झोत. पहिले निष्कर्ष २०११ साली आले. झोतामुळे चिमुकले कण होण्याचा वेग दुपटीपासून दहापटीपर्यंत वाढत होता! येथवर वाचून मी प्राध्यापकमहाशयांकडे विजयी मुद्रेने पाहिले. त्यांनी पान उलटले.

हे नवजात कण दीडदोन नॅनोमीटरांचे. थेंबाला पाट व्हायचे तर त्यांना पन्नास ते शंभर नॅनोमीटर व्हावे लागते. दोनाचे शंभर म्हणजे आकारमान सव्वा लाख पट. बहुतेक कण त्याआधीच मोठ्या कणांना चिकटून संपतात. दहापट बाळे जन्मली म्हणून लग्नाच्या मांडवात दहापट माणसे येत नाहीत. त्याच संशोधकांनी २०१६ साली आपली सारी मापे सबंध पृथ्वीच्या हवेच्या गणितात घालून पाहिली, आणि आजच्या हवेत विश्वकिरणांच्या चढउताराचा या मार्गाने हवामानावर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही, असे लिहून टाकले. दुसऱ्याने लिहिले असते तर गोष्ट वेगळी. ज्यांनी तो परिणाम शोधण्यासाठी टाकी बांधली त्यांनीच हे लिहिले. जाता जाता त्यांना भलतेच काही सापडले. झाडांच्या वासाची वाफ, पाइनचा तो दरवळ, गंधकाम्ल नसतानाही कण तयार करतो, आणि किरण असले तर दहापट ते शंभरपट भराभर. कारखाने नव्हते त्या काळच्या निर्मळ हवेत या गोष्टीला अधिक मोल असावे. हे मला इतके आवडले की मी त्यावर वेगळा लेख लिहिणार होतो. पण एकदा तोंड पोळले होते.

आणि स्वेन्समार्कचे ढग? पुढच्या वर्षांची आकडेवारी आली तेव्हा ती जोडी विसकटली. मग साऱ्या ढगांऐवजी फक्त खालचे ढग घ्यावेत असे ठरले. तीही जोडी पुढे टिकली नाही. आपल्याकडे डॉ. यू. आर. राव यांच्यासारख्या, विश्वकिरणांत आणि अवकाशविज्ञानात आयुष्य घातलेल्या थोर माणसानेही २०११ साली 'करंट सायन्स'मध्ये लिहिले होते की पृथ्वीच्या तापण्यात विश्वकिरण घटल्याचा वाटा बराच आहे. पण गेल्या साठ वर्षांच्या मोजणीत किरण सूर्याबरोबर चढतात आणि उतरतात, त्यांना एका दिशेचा कल नाही. तापमान मात्र चढतेच आहे. ही उपपत्ती काही लोकांना इतकी प्रिय का झाली, हेही मग ध्यानात आले. दोष ताऱ्यांचा ठरला की आपल्या चिमण्या आणि मोटारी निर्दोष सुटतात. मला ती प्रिय झाली वडिलांसाठी, त्यांना ती प्रिय झाली कोळशासाठी. पाने अर्धवट वाचण्याची तऱ्हा मात्र एकच.

माझा चेहरा पाहून प्राध्यापकमहाशयांना दया आली असावी. "किरण ढग करीत नसले तरी ढगांची नाडी पाहतात बरे का," ते म्हणाले. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वेधशाळा आहे. १ डिसेंबर २०१४ रोजी वरून गडगडाटी ढग जात असताना तेथे येणाऱ्या ठिकऱ्या सुमारे दोन टक्क्यांनी घटल्या, आणि त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी २०१९ साली हिशेब सांगितला की त्या ढगात १३० कोटी व्होल्टचा दाब होता. मी मान डोलावली. पण १३० कोटी व्होल्ट घेऊन मी देवळात काय सांगणार होतो?

देवळात शनिवारी रात्री आरतीनंतर गाव जमला. इतकी कठीण सभा मी आयुष्यात पाहिली नाही. कारण येथे मला दुसऱ्याचे नव्हे, माझेच म्हणणे खोडावयाचे होते. मी फुगा सांगितला, बोगदा सांगितला, दोन टँकरांएवढी टाकी सांगितली. टाकीचे ऐकून लोक जरा सावरून बसले. हेही सांगितले की आर्द्रेच्या पावसात आर्द्रा आकाशात दिसत नाही, कारण ती सूर्याच्या मागे असते. की ताऱ्यांचे हे कण वाटेत लाखो वर्षे भटकून येतात, साऱ्या दिशांनी, बारा महिने, दिवसा आणि रात्री सारखेच. कोणता कण कोणत्या ताऱ्याचा हे कोणीही सांगू शकत नाही. तेव्हा नक्षत्र म्हणजे पावसाची तारीख, पावसाचा धनी नव्हे. बोलता बोलता मी अण्णांकडे पाहण्याचे टाळीत होतो.

खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीने मला थांबविले. "ते समदं ऱ्हाऊ दे. तारं पाऊस पाडत्यात का न्हाईत?"

"पाडत असतील आजी, तर इतका थोडा की मोजणाऱ्यांच्या मापात धड सापडत नाही."

"मंग टँकरच बोलवा," ती म्हणाली, आणि उठली. सभा संपली.

घरी आल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. पन्नास वर्षांनी मिळालेला साक्षीदार मी पंधरा दिवसांत उलटविला होता. मी कंदिलाकडे, म्हणजे कंदिलाच्या जागी लोंबणाऱ्या दिव्याकडे, पाहत बसलो. मग ते उठले, ट्रंक उघडली, वर्गणीची थैली बाजूला सारून तिच्याखालची वही काढली. वही कसली, आता चार वह्या झाल्या होत्या.

"त्या किरणांचं कुणी मोजमाप ठेवलंय का? रोजचं?"

ठेवले होते. फिनलंडमध्ये ओउलू येथे १९६४ पासून ते ठेवले जाते, आणि प्राध्यापकमहाशयांनी त्याचे वर्षवार आकडे मला दिलेही होते. मी आलेखाचा कागद आणला. रात्री अकरा वाजता बाप आणि लेक जमिनीवर पालथे पडून दोन रेघा काढू लागले, पावसाची निळी आणि किरणांची तांबडी. एका गावच्या डब्यावरून साऱ्या जगाच्या ढगांचा न्याय होत नाही, हे मला कळत होते. पण अण्णांना जगाचा न्याय नकोच होता. त्यांना वहीचा हवा होता.

१९७३ पासून पहिली नऊदहा वर्षे दोन्ही रेघा अशा काही हातात हात घालून गेल्या की माझाच श्वास अडकला. १९८२ ला तांबडी खाली, निळीही खाली. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या बोटातली पेन्सिल थरथरली. मग १९८७ आले. तांबडी वर चढली, आणि निळी जमिनीला टेकली. वहीत त्या वर्षी शून्यांची माळ होती. त्यानंतर दोन्ही रेघा एकमेकींना अनोळखी असल्यासारख्या गेल्या. २००९ ला तर कहर झाला. अवकाशयुग सुरू झाल्यापासून विश्वकिरण कधी नव्हते इतके वाढलेले ते वर्ष; आणि त्याच वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७८ टक्के, म्हणजे १९७२ नंतरचा सर्वांत वाईट. प्रशांत महासागराचे पाणी तापले होते, एल निनो होता, ताऱ्यांचा संबंध नव्हता.

१९७२ हा आकडा ऐकून अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पट्टी सरळ धरली होतीस न्हवं?" त्यांनी विचारले.

"सरळच धरली होती, अण्णा."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि वही बंद केली. मला वाटले, प्रकरण संपले.

त्या वर्षी पाऊस फार उशिरा आला, पण आला. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात असा कोसळला की छावणीतून परतलेल्या जनावरांचे पाय चिखलात रुतले. फोनवर अण्णांचा आवाज तरुण झाला होता. डबा दोनदा भरून वाहिला म्हणाले. आणि मग, अगदी सहज विचारल्यासारखे, "यंदा किरण कसं हायेत?"

आता काय सांगावे? २०१९ साली सूर्य मंद होता. किरण जास्तच होते. मी क्षणभर थांबलो, आणि सांगितले, "जास्त आहेत. पण अण्णा..."

"पर म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "लिहून ठेवतो निस्तं."

दिवाळीला गेलो तेव्हा पाहिले. चार रकान्यांच्या उजवीकडे, समासात, त्यांनी पाचवा रकाना आखला होता आणि वर लिहिले होते 'किरण'. त्या वर्षापुढे 'जास्त'. आणि मागे जाऊन, आलेखावरून, १९७३ पर्यंतची सारी वर्षे भरून काढली होती. १९८७ सुद्धा, २००९ सुद्धा, एकही न गाळता.

आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. डबा आई वाचते, वही माझा पुतण्या लिहितो. तरी पावसाळा सरला की अण्णांचा फोन ठरलेला. २०२४ साली सूर्य ऐन भरात होता, किरण उतरले होते, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला.

"कमी," मी फोनवर सांगितले.

"आन् पाऊस तर झाला," अण्णा म्हणाले. मग आत तोंड करून ओरडले, "लिही रं! कमी! आन् अक्षर ठळक काढ, कुणाला तरी वाचायचंय फुडं."